लांबच्या खांबाखाली

आमच्या विमानांच्या शर्यतीत सगळ्यात जोखमीची जागा रिमोट धरणाऱ्याची नसते. ती लांबच्या खांबापाशी झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्याची असते. हे मला त्या संक्रांतीच्या आधीही चांगलं ठाऊक होतं, आणि तरी मी त्या जागी माझ्या व्याह्यांना उभं केलं. घरातले सगळे म्हणतात, ते आपणहून उभे राहिले. माझ्या सोयीसाठी म्हणतात. मी तसं म्हणत नाही.

आधी खेळ काय आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रिमोटवर उडणारं छोटं विमान असतं. मोकळ्या रानात दीडशे पावलांच्या अंतराने दोन खांब रोवायचे. दोन विमानं एकदम सोडायची आणि दोन्ही खांबांना वळसे घालत दहा फेऱ्या मारायच्या. ज्याच्या आधी होतील तो जिंकला. उडवणारे जवळच्या खांबापाशी उभे राहतात. तिथून डोळे कितीही फाडले तरी आपलं विमान लांबच्या खांबापलीकडे गेलं की नाही ते कळत नाही. म्हणून तिकडे प्रत्येक विमानाचा एक झेंडेवाला लागतो. विमानाने खांब ओलांडला की तो झेंडा खाली पाडतो आणि इकडचा माणूस विमान वळवतो. त्याआधी वळलं तर दंड म्हणून एक फेरी जास्त. वळण नेहमी डावीकडे. देवाला घालतो त्या प्रदक्षिणेच्या नेमक्या उलट.

"असे उलटे फेरे मसनात घालत असतेत," असं माझी बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी तिला हसलो होतो. तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलेला माणूस असल्या बोलण्याला हसणारच.

मी आदिलाबादेतून रिटायर झालो आणि घरात बसून चिडचिड करू लागलो. भाजी कापण्यावरून, नळाच्या थेंबावरून, पेपरातल्या चुकांवरून. बायकोनेच कंटाळून माळ्यावरचं माझं जुनं विमान खाली काढलं. शहरांतल्या शर्यतींत एकेक विमान मोटारसायकलच्या भावाचं असतं असं ऐकून होतो. आमच्याकडे ते जमणार नव्हतं, आणि मला ते आवडणारही नव्हतं. म्हणून मी नियमच केला: सगळ्यांची विमानं एकाच मापाच्या फोमच्या शीटची, सगळ्यांना एकच मोटर, एकच पंखा, एकच बॅटरी. सांधे गरम गोंदाचे, पंखात बांबूची कांब. पैसा जिंकू नये, हात जिंकावा. गावात सात-आठ जण जमले. विजेच्या खात्यातला एक लाईनमन होता, त्याची मातृभाषा तेलुगू, पण मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलायचा. एक पॉलिटेक्निकचा मास्तर होता. एक औषधांच्या दुकानाचा मालक होता. मला सगळे "सार" म्हणत. त्यातले दोघे माझे विद्यार्थीच होते आणि बाकीचे विद्यार्थी नसूनही मला घाबरत. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मैदान म्हणजे तामसीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचं रान. ज्वारी निघाली की ते मोकळं असे. रस्त्यापासून आत, आजूबाजूला कपाशी, वर एकही तार नाही. पोलीस ठाण्यात परवानगीची दरखास्त देऊन ठेवलेली असायची. रविवारी सकाळी मोटारसायकलींवर विमानं बांधून आम्ही जायचो तेव्हा तामसीच्या बसची वाट पाहणारी माणसं आमच्याकडे बघून हसायची.

हसण्यासारखं आहे असं मलाही दिवाळीपर्यंत वाटत होतं. मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी एक विमान लांबच्या खांबाशी वळलंच नाही. सरळ गेलं आणि झेंडेवाल्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या निळ्या ड्रममध्ये घुसलं. ड्रमला आरपार भोक पडलं. आम्ही सगळे तिथे जाऊन त्या भोकात बोटं घालून पाहत राहिलो. फोम हलका असतो, पण नाकात लोखंडी मोटर असते, पोटात साबणाच्या वडीएवढी बॅटरी असते आणि पंख्याची पाती सुरीसारखी फिरत असतात. झेंडेवाला ड्रमपासून चार हातांवर उभा होता. तो पुन्हा कधी आला नाही.

त्या दिवसापासून मी दोन नियम कडक केले. पहिला: झेंडेवाल्याने डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट घालायचं, काच खाली ओढून. दुसरा: उडण्याआधी प्रत्येक विमानाची परीक्षा. विमान एकाने घट्ट धरायचं, मोटर चालू करायची आणि रिमोट बंद करून टाकायचं. रिमोटशी संबंध तुटताच मोटर आपोआप थांबली पाहिजे. थांबली नाही तर ते विमान घरी. लाईनमनला ही परीक्षा फार पटली. "लाईन कट, तं करंट बी कट," असं तो प्रत्येक विमानाला सुनावायचा.

विमान न थांबण्याचं कारण साधं असतं. विमानात रिमोटचा हुकूम ऐकणारी एक डबी असते, तिला रिसिव्हर म्हणतात. नवीन रिसिव्हर बसवला की त्याची रिमोटशी एकदा ओळख करून द्यावी लागते. आमचे रिसिव्हर स्वस्तातले. त्या ओळखीच्या क्षणी रिमोटवरची वेगाची दांडी जिथे असेल ती जागा ते लक्षात ठेवतात, आणि पुढे कधी रिमोट गप्प झालं की मोटर त्या जागेवर नेऊन ठेवतात. दांडी खाली असेल तर मोटर बंद. दांडी अर्ध्यावर असेल तर मोटर अर्ध्यावर चालूच राहणार, विमान कुठेही जावो. हे मी सगळ्यांना फळ्यावर काढून शिकवलं होतं.

आता व्याह्यांबद्दल. माझ्या मुलीचे सासरे. भैंशाला कापसाच्या एका जिनिंगमध्ये जन्मभर फिटर होते. यंत्रांच्या आवाजाने कान गेलेले. जवळ जाऊन मोठ्याने बोललं तर कळायचं, लांबून हाक मारून उपयोग नसे. सरळ, शब्दाला पक्का माणूस. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मुलीच्या लग्नानंतरची पहिली संक्रांत होती, म्हणून दोघं नवरा-बायको, जावई, मुलगी असे सगळे आमच्याकडे आले होते. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायाचा मान काय असतो ते इकडच्या माणसालाच कळेल. पहिलं पान त्यांचं, पहिला शब्द त्यांचा, ते उभे तर आपण बसायचं नाही. मुलीची बाजू म्हणजे आपण. आयुष्यभर वाकायचं हे लग्नाच्या दिवशीच ठरलेलं असतं.

शर्यत संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होती. सकाळी मी ओसरीवर बसून माझ्या लाल विमानाचा रिसिव्हर बदलत होतो. जुन्याची तार उंदराने कुरतडली होती. बॅटरी फक्त रिसिव्हरला लावलेली, मोटरची तार सोडवलेली, सगळं नियमाप्रमाणे. रिमोट मांडीवर. त्याचं मागचं झाकण कधीचं तुटलं होतं, ते मी चिकटपट्टीने बांधून ठेवलं होतं आणि त्या काटकसरीचा मला अभिमान होता. ओळखीचं बटण दाबलं, रिसिव्हरचा दिवा लुकलुकायला लागला, तेवढ्यात व्याही आंघोळ करून बाहेर आले.

मी उठलो. व्याही आले की माणूस उठतोच, विचार करत नाही. "या, बसा," म्हणत मी खुर्ची पुढे सरकवली. रिमोट दुसऱ्या हातात होतं. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. ओळख झाली होती. माझं मनगट त्या वेळी दांडीला लागलं होतं की सदऱ्याची बाही, ते आजही मला सांगता येत नाही. तेव्हा तर काही लागलं हेच मला कळलं नव्हतं.

ते बसले आणि विमानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इवाई, मी बी येतो तुमच्यासंगं. घरी बसून काय करू?"

"या की. सावलीत खुर्ची टाकून देतो."

"सावलीत काऊन? मले काम द्या एखादं. जिनिंगात तीस वर्सं फिरते पट्टे पाह्यले म्या. कान गेले माहे, डोये नाई गेले."

बायको दारातून ऐकत होती. मी आत गेलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "त्याहीले त्या खांबाजवळ नोका उभं करू. ड्रम फुटला होता तिथं." मी म्हणालो, "काही होत नाही." खरं तर मी मनात म्हणालो होतो की कुठलं तरी जवळचं काम देऊ, फेऱ्या लिहायचं वगैरे. पण मैदानावर पोचलो तर त्या दिवशी झेंडेवाला एकच आला होता, पॉलिटेक्निकचा मास्तर. दुसरा गावाला गेलेला. मी काही बोलायच्या आत व्याह्यांनी लाल झेंडा उचलला होता. त्यांच्या हातून तो परत कसा घ्यायचा? आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. मी शंभरदा ती वर्गात वापरली असेल.

वारा सकाळपासूनच वाईट होता. आमच्याकडून लांबच्या खांबाकडे वाहत होता, म्हणजे तिकडे जाणारं प्रत्येक विमान ढकलल्यासारखं जात होतं. रानात ज्वारीची धसकटं उभी होती आणि वाऱ्याने त्यांच्यातून सारखा एक बारीक आवाज येत होता. शेतकरी येऊन पाहून गेला. जाताना म्हणाला, "आज राहू द्या सार, वारं बरं नाई." मी त्याला वाऱ्याचा वेग आणि विमानाचा वेग समजावून सांगितला. त्याने मान डोलावली आणि बैल सोडायला निघून गेला.

मास्तरने हेल्मेट घातलं, काच ओढली. दुसरं हेल्मेट लाईनमनने व्याह्यांपुढे धरलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि बगलेत मारून चालू लागले. लांबच्या खांबापलीकडे दहा पावलांवर झेंडेवाल्यांची जागा आखलेली होती. तिथे पोचल्यावर त्यांनी हेल्मेट धसकटांत ठेवून दिलं. डोक्यावर टोपी तशीच. इतक्या लांबूनही तो पांढरा ठिपका स्वच्छ दिसत होता.

"सार," लाईनमन म्हणाला, "टोपी काढाले सांगा त्याहीले. हेल्मेट टोपीवर नाई बसत."

"मी कसा सांगू?"

"काऊन? मले तं तुमी पयल्या दिवसी किती बोलले होते."

ते खरं होतं. त्याने झेंडा धरताना हेल्मेटची काच वर ठेवली होती म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. पण व्याह्याला चारचौघांत टोपी उतरवायला सांगायचं? इकडे एखाद्याची टोपी उतरवली म्हणजे काय झालं ते सगळ्यांना कळतं. मुलीच्या पहिल्याच सणाला मी ते करायचं? मी म्हणालो, "राहू दे. दोनचार फेऱ्या होऊ दे, मग पाहू." तो विमानांकडे वळला.

पहिल्या दोन जोड्यांच्या शर्यती नीट पार पडल्या. प्रत्येक जोडीआधी मी आणि लाईनमन विमानं तपासत होतो. माझ्या पोराच्या वयाच्या एका बँकवाल्याचं विमान मी दोनदा परत पाठवलं, कारण मोटर थांबायला अर्धा क्षण जास्त लागला. "तिकडे माणूस उभा आहे, खांब नाही," असं मी त्याला मोठ्याने सुनावलं. वाक्य चांगलं होतं. व्याही लांबून हे सगळं बघत होते. मधल्या वेळात चहा घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "इवाई, तुमचं काम लई पक्कं हाये. आमच्या जिनिंगातबी असा मानूस पायजे होता." मला छाती फुगल्यासारखं झालं. टोपीचं तेव्हा सांगता आलं असतं, कारण ते अगदी जवळ उभे होते, कपातला चहा फुंकत होते, आणि बाकीचे लांब होते. मी सांगितलं नाही.

तिसरी जोडी माझी आणि औषधवाल्याची होती. त्याचं विमान मी तपासलं. मग लाईनमन माझ्या लाल विमानाकडे वळला. खाली वाकून त्याने ते धरलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थबकला.

"सार, तुमचं?" असं त्याने अर्धवट विचारलं. मग स्वतःच हसून उभा राहिला. "तुमचं काय पाहाचं, सार."

मी पण हसलो. एवढं सुखाचं हसू मला बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. माझ्या विमानाची परीक्षा त्या दिवशीच नाही, कधीच कोणी घेतली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो, आणि तो दिव्याला आवडत असतो.

विमानं सुटली. सहा फेऱ्या मी पुढे होतो. लांबचा लाल झेंडा अगदी वेळेवर पडत होता, एकदाही चुकला नाही. सातव्या फेरीला मी जवळच्या खांबाशी वळलो, विमान सरळ केलं आणि वाऱ्याने ते पुढे फेकल्यासारखं गेलं. त्याच क्षणी माझ्या हातातल्या रिमोटचा दिवा गेला.

मागचं झाकण सुटलं होतं, सेल हलले होते. मला वाटलं, ठीक आहे, मोटर थांबेल आणि विमान मध्येच धसकटांत पडेल. मी तिच्या थांबण्याची वाट पाहिली. ती थांबली नाही. त्या चिरक्या आवाजात काही फरकच पडला नाही. तेव्हा मला ओसरी आठवली, खुर्ची आठवली. मी काय केलं असेल? टीव्हीच्या रिमोटला मारतो तशा त्या रिमोटच्या पाठीवर दोन थापा मारल्या. चार-पाच श्वासांचा तो सगळा वेळ, त्यातले दोन मी थापा मारण्यात घालवले. मग ओरडलो. सगळेच ओरडले. पिवळा झेंडा टाकून मास्तर पालथा पडलेला मला दिसला. त्याच्या शेजारी पांढरी टोपी उभीच होती. लाल झेंडा वर धरलेला, खाली पाडायच्या तयारीत.

विमान वळलं नाही. फोमचे तुकडे उडालेले आधी दिसले, आवाज मागून आला.

धसकटांतून मी कसा धावलो ते मला माहीत नाही, चपला कुठे गेल्या तेही माहीत नाही. पोटऱ्या रक्ताळल्या हे घरी गेल्यावर दिसलं. ते खाली बसले होते, उजवा तळवा डोळ्यावर दाबून. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. मला पाहून म्हणाले, "काई नाई, काई नाई." आणि मग, "सात झाल्या तुमच्या."

आदिलाबादच्या दवाखान्यातून त्यांना हैदराबादला पाठवलं. तिथे आठ दिवस ठेवलं. उजवा डोळा वाचला नाही. पोलीस आले तेव्हा व्याह्यांनी जबानी दिली की आपलाच पाय पुढे गेला, कोणाची चूक नाही. जावई पूर्ण वेळ माझ्याशी अदबीने बोलत होता. विहीणबाईंनी डबा आणला तर आधी मला वाढला. कोणीतरी माझी गचांडी धरावी असं मला वाटत होतं. कोणी धरली नाही.

मुलीने मात्र विचारलं. दवाखान्याच्या जिन्यात, आम्ही दोघंच असताना.

"बाबा, तुमी तुमचं विमान तपासलं होतं ना?"

मी म्हणालो, "हो."

तिने डोळे पुसले आणि वर गेली. ज्या घरात तिला आता जन्म काढायचा होता त्या घरात ती माझं हे उत्तर घेऊन गेली. ती सासरी सगळ्यांना तेच सांगणार, आणि तेही विश्वास ठेवणार. मी जिन्यातच बसून राहिलो.

पंधरा दिवसांनी लाईनमन घरी आला. पिशवीत माझ्या विमानाचं तुटकं नाक होतं, मोटर आणि रिसिव्हर अजून शाबूत. टेबलावर ठेवून त्याने बॅटरी लावली, माझ्या रिमोटला नवे सेल घातले, मोटर सुरू केली आणि रिमोट बंद केलं. पंख्याविना ती मोटर टेबलावर फिरतच राहिली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. शेवटी त्याने बॅटरी ओढून काढली.

"सार, मी हे कोनाले सांगनार नाई," तो म्हणाला. "चूक माहीच हाये. म्या पाहाले पायजे होतं."

"मी पाहू दिलं असतं का तुला?" मी विचारलं. त्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दलची तीच जुनी भीती होती. मला स्वतःची किळस आली.

त्यानंतर मी शर्यत बंद केली. रान त्या शेतकऱ्याने नांगरून टाकलं. पण मला झोप लागेना. एकाच गोष्टीचा आधार उरला होता, आणि तो मी दिवसातून दहा वेळा मनात घोळवायचो: त्यांना ऐकू येत नव्हतं. आम्ही सगळे ओरडलो, मास्तरने ऐकलं म्हणून तो वाचला, व्याह्यांनी ऐकलं नाही. कान जिनिंगने नेले होते. म्हणजे थोडा दोष जिनिंगचा, थोडा नशिबाचा, थोडा माझा. असे वाटे पाडले की माझ्या वाट्याचं ओझं उचलता येईल इतकं व्हायचं.

चैत्रात एका सकाळी मी भैंशाची बस धरली. ठरवून निघालो होतो: खरं सांगायचं. मुलगी दारात भेटली, तिला म्हणालो, आधी तुझ्या सासऱ्यांशी बोलतो, मग तुझ्याशी. ते अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते. काळा चष्मा, डोक्यावर टोपी. मला पाहून उठायला लागले, मी घाईने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना असा हात लावला असेल.

त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन मी सगळं सांगितलं. सकाळची ओसरी, रिसिव्हर, दांडी. चिकटपट्टी. लाईनमनने विचारलेलं आणि मी हसलेलं. पोरीशी खोटं बोललो तेही. माझा आवाज एवढा मोठा होता की आत भांड्यांचा आवाज थांबला. सगळं घर ऐकत होतं हे मला कळत होतं. आणि एवढं सगळं कबूल करूनसुद्धा माझी खोड बघा. शेवटी मी म्हणालोच, "आमी लई ओरडलो इवाई. पन तुमाले ऐकू आलं नसन."

ते थोडा वेळ बाजेच्या काथ्यावरून बोट फिरवत राहिले.

"कान कशाले पायजे होते?" ते म्हणाले. "समोरूनच येऊन राह्यलं होतं. साफ दिसलं मले. मास्तर आडवा झाला, तेबी दिसलं. दुसऱ्या कोनाचं असतं तं मीबी झालो असतो आडवा." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, मलाच धीर द्यावा तसे म्हणाले, "पन लाल होतं ना. म्हनलं, इवायाचं हाये. आता वळते."